खांबाची शपथ

"कुकर लावू नकोस. पातेल्यातच शिजव," असं म्हणत आबांनी मटणाची पिशवी ओट्यावर ठेवली.

आईनं पिशवीतला एक तुकडा चिमटीत दाबून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे कुठनं उचलून आणलंसा? जून हाय की सगळं. ह्याला शिजायला दिवस जाईल."

"जाऊ दे. चव लागती."

"आणि माणसं किती?"

"तालमीतली येतील चार-सहा. पांढऱ्या रश्शाला नारळ जरा जास्त घे."

माझे वडील, यशवंत सरनोबत, मटणाच्या बाबतीत कुणाच्या बापाला ऐकायचे नाहीत. आबा दुकानाच्या पायरीवर दिसले की खाटीक आधीच कोवळ्या मांडीला हात घालायचा. तो माणूस जून मटण घेऊन घरी येतो, म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं मला कळायला हवं होतं. पण त्या दिवशी माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. खेळाडू नोंदणीचा तो शेवटचा दिवस होता.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम स्टेडियमवर सुरू होतो, असं लोकांना वाटतं. खोटं आहे. हंगाम सुरू होतो तो नोंदणीच्या आठवड्यात. इथं प्रत्येक पेठेच्या तालमीचा स्वतःचा फुटबॉल संघ असतो, आणि खेळाडूनं वर्षभर कुठल्या तालमीकडून खेळायचं ते त्याच आठवड्यात ठरतं. त्यानं स्वतः असोसिएशनच्या ऑफिसात जायचं, सही करायची, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजले की दार बंद. मग त्या आठवड्यात जी पळवापळवी चालते ती काय सांगावी! जाणाऱ्या खेळाडूला दारातूनच खांद्यावर टाकून न्यायचं, पन्हाळ्यावर एखाद्या खोलीत कोंबडी-भाकरी खायला घालत ठेवायचं आणि पाच वाजून गेले की घरी सोडायचं. असले प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिलेले. खेळाडूसुद्धा नंतर हसत हसत सांगायचे.

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि फुटबॉलवर माझी मतं होती. भरपूर होती. घुमटी तालमीनं गोव्याहून आणलेला फॉरवर्ड म्हणजे शुद्ध फसवणूक, असं मी तो उतरला त्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तिसऱ्या मॅचला त्याला गॅलरीनंच घरी पाठवला. आमच्या तालमीनं डावा विंगर सोडला तो गाढवपणा, आणि गोलकीपर ठेवला तो त्याहून मोठा गाढवपणा. पण सगळ्यांत पक्कं मत एकच होतं आणि ते आबांकडून आलेलं होतं. पेठ सोडून दुसऱ्या तालमीची जर्सी घालणाऱ्याचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही. असे दोन-तीन खेळाडू होते. आबा त्यांना रस्त्यात पाहून तोंड फिरवायचे, आणि आबांच्या मागून मीही फिरवायची.

आमची खांबाकडील तालीम. जुन्या इमारतीतला एक सागवानी खांब नव्या हॉलच्या मधोमध तसाच ठेवलेला, शेंदूर लावलेला. हंगामाच्या पहिल्या मॅचआधी खेळाडू त्याला हात लावून निघायचे. जुना खेळाडू वारला तर त्याची तिरडी तालमीच्या दारात थांबवून, मग आत नेऊन त्याचा हात खांबाला टेकवायचे. आणि भांडणात कुणी खांबाची शपथ घेतली की विषय मिटला. पुढं कुणी एक शब्द बोलायचा नाही.

आणि आता पेठभर कुजबुज होती ती माझ्याच भावाची. इंद्रजित. इंद्या. आमचा फॉरवर्ड. चौसोपी तालमीच्या अध्यक्षाची शिरोलीला फौंड्री होती. तीन वर्षांचा करार आणि फौंड्रीत कायमची नोकरी, असं त्यानं इंद्याला कबूल केलं होतं म्हणे. इंद्या घरात काही बोलत नव्हता. मी विचारलं की म्हणायचा, "तुला काय करायचंय? तू अभ्यास कर."

आई मात्र एकदा भाकरी थापता थापता बोलून गेली होती. आबांना तरुणपणी एका मिलनं टीममध्ये बोलावलं होतं, नोकरीसकट. आबा गेले नाहीत. तालीम सोडणार नाही म्हणाले. पुढं गुडघा गेला आणि आबा लाकडाच्या वखारीत ओंडके मोजायला लागले. "तालमीनं सत्कार केला की," आई म्हणाली. "शाल दिली. थंडीत गुडघ्याला गुंडाळाय बरी पडती."

दुपारी बारा-साडेबाराला मंडळी आली. पुढं गणपतअण्णा. तालमीचे अध्यक्ष, आबांचे जुने जोडीदार. आबा स्टॉपर असताना अण्णा त्यांच्या मागं गोलात उभे असायचे. बोलायला कमी, मिशा भरघोस. त्यांच्यामागं सेक्रेटरी सुबराव, किडकिडीत आणि संशयी. आणि आणखी दोघं-तिघं.

"इंद्या कुठाय, आबा?" सुबरावनं बसायच्या आधीच विचारलं.

"मामाकडं गेलाय, वडणग्याला. जेवायला येईल."

"आज? आजच्या दिवशी मामाकडं?"

"त्याच्या मामाला काय नोंदणीचं कॅलेंडर दिलंय व्हय?" आबा हसले. "येईल रे. त्याला जेवायला घालू, कान धरून ऑफिसात नेऊ आणि आपल्या तालमीची सही करून घेऊ. बसा."

अण्णा बसले. सुबराव बसला नाही. "आमची दोन पोरं ऑफिसच्या दारात उभी हाईत," तो म्हणाला. "चौसोपीकडनं आला तर तिथंच उचलतील. म्हणलं तुमास्नी सांगून ठेवावं."

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "माझ्या पोरावर पहारा?"

"तसं न्हवं, आबा..."

"मग कसं? सरनोबताच्या पोराला चोरासारखं दारात धरणार तुमी? आख्ख्या कोल्हापूरसमोर?" आबांचा आवाज एवढा चढला की आतून आई पदर सावरत दाराशी आली. "अण्णा, तुमी सांगा. आजवर ह्या घरानं तालमीला कधी दगा दिलाय? ती पोरं मागं बोलवा. न्हाईतर ह्या घरात जेवू नका."

सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "सुबराव," ते म्हणाले, "बोलव पोरांना."

"अण्णा, अहो..."

"बोलव म्हणलं न्हवं? शेजारी फोन हाय."

सुबराव फणफणत शेजारच्या किराणा दुकानात फोन करायला गेला. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मला आबांचा कोण अभिमान वाटला! असा बाप पाहिजे, असं वाटलं.

मग मी परड्यात गेले, कांदे आणायला. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला एक खिळा होता. इंद्याचे बूट कायम त्या खिळ्याला लेसनं लटकलेले असायचे. खिळा मोकळा होता.

मामाकडं जाताना माणूस बूट नेत नाही. बूट नेतो तो नव्या तालमीच्या मैदानावर, पहिल्या प्रॅक्टिसला. इंद्या सही करायला गेला होता. आणि माझा भाबडा बाप बाहेर बसून त्याच्या नावानं छाती पुढं काढत होता.

मी आबांना खुणेनं आत बोलावलं. "आबा, बूट न्हाईत."

"कुणाचे?"

"इंद्याचे! खिळ्यावर न्हाईत. आबा, त्यो वडणग्याला गेलेला न्हाई. त्यो चौसोपीची सही करायला गेलाय. अण्णांना सांगा. अजून वेळ हाय, पोरं परत दारात उभी करता येतील."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले नाहीत, चकितही झाले नाहीत. "बूट धुऊन वाळत टाकलं असतील," ते म्हणाले. "मटण शिजलं का बघ."

"आबा!"

"घाई करू नकोस, वैजू. नीट शिजू दे." आणि ते बाहेर गेले.

मी पातेल्यासमोर उभी राहिले. अंगाची लाहीलाही होत होती. आबा विश्वासच ठेवत नाहीत म्हटल्यावर आपणच बाहेर जाऊन सांगावं, असं मनात आलं. दोन पावलं टाकायची आणि एक वाक्य बोलायचं. मी पदराला हात पुसले. त्याच वेळी बाहेरून आबांचा आवाज आला. "वयनी, सुपारी द्या जरा. आणि वैजूला म्हणावं, खोबरं परत एकदा वाट. मागच्या वेळी चरबट लागलं हुतं."

आईला आबा वयनी म्हणत नाहीत. अण्णा म्हणतात. आबा कधी बोलताना असे गोंधळत नाहीत. मी तिथंच थांबले. नीट विचार करायला लागले आणि एकेक गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागली.

आबांची कॉट मागच्या खोलीत, परड्याच्या दाराला लागून. गुडघ्यामुळं त्यांना झोप लागत नाही. त्या दारातून मांजर गेलं तरी आबा "कोण?" म्हणून विचारतात. मग पहाटे इंद्या बूट घेऊन गेला तेव्हा? जून मटण. कुकर नको. खोबरं परत वाट. आणि दारातली पोरं मागं बोलवा.

मी आईकडं पाहिलं. आई खाली मान घालून चुलीतलं एक लाकूड हळूच मागं ओढत होती. जाळ बसला.

"आई," मी म्हणाले, "तुला..."

"खोबरं वाट," आई म्हणाली.

मी खोबरं वाटलं. पाटा-वरवंट्यावर. एवढं बारीक मी आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पानं वाढली तेव्हा तीन वाजून गेले होते. सुबरावची नजर घड्याळावरून हलत नव्हती. भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधीच तो म्हणाला, "इंद्या आला न्हाई, आबा."

"येईल."

"मी ऑफिसवर जाऊन येतो. गाडी हाय माझी. जाऊन येतो आणि मग जेवतो."

तो उठला. खरोखरच उठला. चपलेत एक पाय घातला. ऑफिस काही लांब नव्हतं. तो गेला असता आणि तिथं इंद्या दिसला असता तर त्यानं आरडाओरडा करून आख्खी पेठ गोळा केली असती. मग फौंड्री गेली, करार गेला. इंद्याही उद्या वखारीत ओंडके मोजायला लागला असता.

"सुबराव," आबा बसल्या जागेवरून म्हणाले. आवाज एकदम शांत. "खांबाची शपथ. माझा पोरगा दुसऱ्या तालमीची सही करणार न्हाई."

अण्णांचा हात ताटावरच राहिला. ते आबांकडं बघत होते आणि आबा त्यांच्याकडं. मग अण्णांनी नजर खाली घेतली आणि भाकरी कुस्करायला लागले.

"ऐकलं न्हवं?" अण्णा सुबरावला म्हणाले. "खांबाची शपथ घेतली त्यानं. बस."

सुबरावनं चपलेतला पाय काढला.

मग जी जेवणं झाली ती मी विसरणार नाही. मटण अजून वातडच होतं. माणसं चावत होती, चावत होती. आबा आग्रह करत होते. तांबडा घ्या, पांढरा घ्या, अहो एवढ्यात कुठं? ते स्वतः कधी दुसऱ्यांदा रस्सा घेत नसत. त्या दिवशी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली. सुबराव हात धुवायला उठतोय असं दिसलं की मी धावत जाऊन त्याच्या वाटीत पळीभर रस्सा ओतायची. "अगं, बास, बास!" "घ्या हो भाऊ, आज लई दिवसांनी आलाय." रस्सा ताटात टाकून कोल्हापूरचा माणूस उठत नाही. तोही उठला नाही. प्रत्येक वाटीनंतर मी घड्याळाकडं बघायची आणि काटा तिथंच चिकटून बसलेला असायचा.

खांबाकडील तालमीची एवढी कट्टर मी, आणि मनातल्या मनात म्हणत होते, इंद्या, लवकर कर. बाबा, लवकर कर.

पाचाचे टोले पडले तेव्हा सुबराव नुकता हात धुऊन सुपारी कातरत होता; आबा आणि अण्णा अजून ताटावरच होते. त्यानंतर थोड्याच वेळात बाहेर स्कूटर थांबली आणि सुबरावचा भाऊ धापा टाकत आत आला. "इंद्यानं चौसोपीची सही केली! साडेचारला आला, सही केली, गेला! दारात आपलं कुणी न्हवतं! कुणी म्हणजे कुणी न्हवतं!"

आबा उठले. त्यांनी पुढ्यातलं ताट एका लाथेनं भिंतीवर उडवलं. आजारी गुडघ्याच्या पायानं. "मेला!" ते ओरडले. "माझा पोरगा मेला मला! ह्या घरात त्यानं पाऊल टाकलं तर तंगडं मोडीन!" आणि काय काय शिव्या दिल्या. गल्लीतली माणसं दारात जमली. सुबराव कपाळाला हात लावून बसला. तो रागावला होता, पण आबांवर नाही. ज्या बापाला पोरानं एवढं फसवलं त्याच्यावर कोण रागावणार?

अण्णा सावकाश उठले. हात धुतले, पंच्यानं मिशा पुसल्या. जाताना आईकडं वळून म्हणाले, "वयनी, रस्सा झकास झाला हुता."

सगळे गेल्यावर आबा परड्यात दगडावर बसले. गुडघा सुजला होता. मी गरम पाण्याचा फडका घेऊन गेले.

"आबा, खांबाची शपथ घेतलीत."

"घेतली."

"खोटी."

"व्हय." त्यांनी फडका स्वतःच्या हातानं गुडघ्यावर दाबला. "आता मला तालमीत जायला तोंड न्हाई. आणि हे इंद्याला सांगू नकोस. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. बोलून बसंल कुठं तरी."

मी नाही सांगितलं. आबा त्यानंतर तालमीत गेले नाहीत. हंगामाच्या पहिल्या मॅचआधी सगळे खांबाला हात लावायचे तेव्हा आबा रस्त्याच्या पलीकडं उभे राहायचे. लोक म्हणायचे, पोराच्या करणीची लाज वाटते बिचाऱ्याला. स्टेडियमवर मात्र जायचे, आमच्याच गॅलरीत बसायचे आणि इंद्याच्या पायात बॉल आला की सगळ्यांत मोठी शिवी त्यांची असायची. चौसोपीकडून त्यानं आमच्यावर पहिला गोल मारला तेव्हा आबांनी शालीखाली माझा हात असा दाबला की बांगडी फुटली.

इंद्या फौंड्रीत फोरमन झाला. सणाला घरी यायचा, परड्याच्या दारानं. आबा त्याच्याशी माझ्या तोंडून बोलायचे. "त्याला म्हणावं, जेवून जा." मला इंद्या दर वेळी तेच सांगायचा. "त्या दिवशी दारात कुणीच न्हवतं, वैजू. नशीब बघ. पण म्हातारा माफ करंना मला."

आबा गेले ते परवाच्या फाल्गुनात. तिरडी तालमीच्या दारात थांबली. पोरं तिरडी आत न्यायला पुढं आली तेव्हा मी आडवी गेले. "थांबा," मी म्हणाले. "त्यांनी न्हाई म्हणून सांगितलंय. खांबाला हात लावायचा न्हाई."

इंद्या हातातलं मडकं खाली ठेवून रस्त्यातच बसला. पांढऱ्या केसांचा माणूस, लहान पोरासारखा रडायला लागला. "माझ्यामुळं," तो म्हणत होता. "सगळं माझ्यामुळं."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी सांगून टाकलं. जून मटण, दारातली पोरं, शपथ, सगळं. तिथं, सगळ्या पेठेसमोर. सुबराव गर्दीत होता, काठी टेकून. त्याचं तोंड उघडं पडलं.

गणपतअण्णांना दोघांनी दंडाला धरून आणलं होतं. ते पुढं सरकले. "वैजू," ते म्हणाले, "मटण शिजायला एवढा वेळ लागत न्हाई हे मला कळत न्हवतं व्हय? यशवंतानं जून बकरं आणलं तवाच मी समजलो."

"मग तुमी उठला का न्हाई, अण्णा?"

"उठून काय म्हणू? खांबाची शपथ घेतल्यावर? पोरांसमोर यशवंताला खोटा म्हणू?" अण्णांनी दम घेतला. "त्याला मिलनं बोलावलं तवा 'जाऊ नको' म्हणून मीच सांगितलं हुतं."

ते खाली वाकले. वाकता येत नव्हतं तरी वाकले. आबांचा थंड हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि मान वर करून म्हणाले, "इंद्या, ऊठ. दुसरा हात तू धर. आत न्यायचंय त्याला."